सालाने की उक्त्याने? विमान शिकवायच्या पहिल्या नोकरीचा हिशेब

विमान शिकवायची नोकरी आणि आपल्या शेतावरचा सालगडी यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. जरा बैजवार पाहू.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतले दीर-भाऊ शिकून अमेरिकेत गेले, तिथेच रमले, त्यांची मुले तिथेच जन्मली आणि वाढली. समजा, त्यातलीच तुमची एक पुतणी. तिच्या डोक्यात लहानपणापासून विमान. आईबाप म्हणाले, डॉक्टर हो, काँप्युटर शिक. पण पोरगी ऐकेना. कर्ज काढले, थोडे घरून घेतले, थोडे हॉटेलात काम करून मिळवले. अगदी पहिल्या धड्यापासून विमान शिकवायचा परवाना हाती येईपर्यंत तिकडे खर्च लाख डॉलरच्या घरात जातो, म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. अखेर परवाना मिळाला आणि महिन्याभरात एका विमान-शाळेने बोलावले. ‘सोमवारपासून ये. तासाला इतके डॉलर देऊ. एवढेच की तू आमची नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस. या कागदावर सही कर.’

पोरगी हरखून जाते. रात्री गावी आजोबांना फोन लावते, ‘आबा, हो म्हणू का?’

आबा विमानात एकदाच बसलेले, तेही खिडकी न मिळालेल्या जागेवर. तरी या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्यांची लायकी पुष्कळ मोठी आहे. माणूस सालाने ठेवावा की काम उक्ते द्यावे, मराठवाड्यात ज्याला गुत्ते म्हणतात तसे, हा विचार त्यांनी जन्मभर केलेला आहे. फक्त इथे नात दुसऱ्या बाजूला उभी आहे, मालकाच्या नव्हे, गड्याच्या.

पंधराशे तासांची भूक

आधी हे समजून घ्या, की जिला प्रवासी विमान चालवायचे आहे ती मुलगी शिक्षिका व्हायला का निघाली.

अमेरिकेत पैसे घेऊन विमान उडवण्याचा, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना साधारण २५० तास उड्डाण झाले की मिळू शकतो. पण मोठ्या प्रवासी कंपनीत सह-वैमानिकाच्या खुर्चीत बसायचे तर १,५०० तास लागतात. विमानविद्येची विद्यापीठाची पदवी असेल तर १,००० तासांवर भागते. मधले हजार-बाराशे तास आणायचे कुठून? विमान भाड्याने घेऊन उडत बसायचे म्हटले तर घर विकावे लागेल. म्हणून बहुतेक मुले-मुली इन्स्ट्रक्टर होतात. विद्यार्थी सुकाणू धरतो, विमानाचे भाडे विद्यार्थी देतो, आणि तास शिक्षकाच्याही वहीत जमा होतात. या वहीला लॉगबुक म्हणतात. वैमानिकाची खरी इस्टेट तीच.

हा पंधराशेचा दंडक फार जुना नाही. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ कोल्गन एअर कंपनीचे विमान एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसे गेली. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून सह-वैमानिकालाही १,५०० तासांची अट लागू झाली. गंमत अशी, गंमत म्हणू नये खरे तर, की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास पंधराशेच्या वरच होते. असो. कायदा झाला तो झाला, आणि त्याचा एक परिणाम असा की दरवर्षी नवशिके इन्स्ट्रक्टर ‘तास द्या हो तास’ म्हणत शाळांच्या दारात उभे राहू लागले.

आपल्याकडे तसे नाही. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, आणि पुढे मोठ्या विमानाचे वेगळे शिक्षण घेऊन मुले थेट सह-वैमानिक होऊ शकतात. गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, धुळ्याला शेतात काम करताना डोक्यावर घिरट्या घालणारी लहान विमाने तुम्ही पाहिली असतील. त्यात विद्यार्थ्याशेजारी बसलेला शिक्षक त्या खुर्चीत केवळ तासांच्या भुकेने बसलेला असतो असे नाही. अमेरिकेतला नवा शिक्षक मात्र बहुधा भुकेलेला असतो, आणि समोरच्या मालकाला ती भूक पुरती ठाऊक असते. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

सालगडी कोण आणि उक्तेवाला कोण

आपल्या घरी ट्रॅक्टरवाला नांगरटीला येतो. ट्रॅक्टर त्याचा, डिझेल त्याचे, एकराचा दर तो सांगतो, आपण घासाघीस करतो. मंगळवारी यायचे की गुरुवारी हे तो ठरवतो, आणि आपले झाले की शेजारच्या वावरात जातो. त्याला आपण ‘दुसऱ्याची नांगरट करायची नाही’ असे सांगू शकतो का? तो हसेल. हा खरा कंत्राटदार.

सालगड्याचे उलट. पाडव्याला साल ठरले की तो आपला. उठायचे कधी, पाणी कुठल्या वाफ्याला, बैल कुठले, सगळे आपण सांगणार. पण त्या बदल्यात पाऊस लागून राहिला आणि चार दिवस काम झाले नाही तरी त्याचे साल कापले जात नाही. तो तापाने पडला तर दवाखान्याची सोय बघणे आपल्या अंगावर येते. हुकूम आपला, तर जोखीमही आपली. गावात कुणी हुकूम सालगड्यासारखा करून मजुरी उक्त्यासारखी द्यायला लागला, तर चावडीवर लोक काय बोलतील ते सांगायला नको.

आता अमेरिकेचा कायदा बघा, तो याहून फार वेगळे काही सांगत नाही. नोकरदाराला मालक वर्षअखेर ‘डब्ल्यू-टू’ नावाचा कागद देतो, कंत्राटदाराला ‘टेन नाइन्टी-नाइन’. म्हणून तिकडे ‘मी डब्ल्यू-टू आहे’ किंवा ‘मी टेन नाइन्टी-नाइन आहे’ असेच बोलतात, जसे आपण सालाने-उक्त्याने म्हणतो. पण माणूस यातला कोण, हे कागदाच्या मथळ्यावरून ठरत नाही. तिथले कर खाते तीन बाजूंनी पाहते. काम कसे करायचे हे कोण सांगतो? साधने, दर, नफा-तोटा कुणाच्या हातात आहे? आणि दोघांतले नाते कसले आहे, एका कामापुरते की कायमचे? दोघांनी राजीखुशीने सही केली म्हणून नोकर कंत्राटदार होत नाही.

या तराजूत आपल्या पुतणीची नोकरी घालून पाहू. विमान शाळेचे. वेळापत्रक शाळेचे, सकाळी आठला हजर राहायचे. विद्यार्थी शाळेने पाठवलेला, त्याच्याकडून फी घेणार शाळा, तीही शाळेने ठरवलेल्या दराने. धडे शाळेच्या पुस्तकाप्रमाणे, अंगात शाळेचे नाव छापलेला सदरा. आणि कागदाच्या तिसऱ्या पानावर एक ओळ, की अमुक मैलांच्या आत दुसरीकडे शिकवायचे नाही. सांगा, हा ट्रॅक्टरवाला की सालगडी? ट्रॅक्टरवाल्याला कुणी शेजारच्या वावरात जायला बंदी करते का?

कॅलिफोर्निया राज्याने तर २०१९ साली कायदा करून १ जानेवारी २०२० पासून कसोटी आणखी कडक केली. तिथे माणसाला कंत्राटदार म्हणायचे तर मालकाने तीन गोष्टी सिद्ध करायच्या: त्याच्यावर आपला हुकूम चालत नाही, त्याचे काम आपल्या नेहमीच्या धंद्याच्या बाहेरचे आहे, आणि त्याचा स्वतःचा वेगळा धंदा आहे. विमान शिकवणे हे विमान-शाळेच्या धंद्याबाहेरचे काम आहे असे कुठल्या तोंडाने सांगणार? शाळेचे छप्पर दुरुस्त करायला आलेला सुतार बाहेरचा. शिकवणारा कसा बाहेरचा?

खरे कंत्राटी इन्स्ट्रक्टरही असतात, त्यांना विसरून चालणार नाही. अमेरिकेत काही शेतकऱ्यांची स्वतःची लहान विमाने असतात, शेताच्या कडेला गवताची धावपट्टीही असते. वीस वर्षे शिकवलेला एखादा जाणता इन्स्ट्रक्टर अशा शेतकऱ्याकडे जातो, त्याच्याच विमानात त्याला शिकवतो, आपला दर आपण सांगतो, आपली पावती आपण फाडतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जातो. हा ट्रॅक्टरवाल्याचा सख्खा भाऊ. पण परवान्याची शाई न वाळलेल्या पोरीला स्वतःचे गिऱ्हाईक कुठून असणार?

पाऊस कुणाच्या माथी

आता कळीचा मुद्दा.

लहान विमान हे शेतीसारखे आभाळाच्या मर्जीवर चालते. मिशिगन-विस्कॉन्सिनकडे जानेवारीत ढग इतके खाली उतरतात आणि त्यात इतकी थंडी, की पंखांवर बर्फ धरते; शिकवायच्या साध्या विमानांना तो झटकायची सोय नसते. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की गडगडाट सुरू. ॲरिझोनात आभाळ निवळ, म्हणून फीनिक्सच्या आसपास विमान-शाळांची गर्दी. पण तिथेही उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी तापते की विमानाला उचल कमी मिळते.

शिवाय विमानालाही दुखणे-खुपणे असतेच. आज एक विमान तपासणीला, उद्या दुसऱ्याचे चाक. विद्यार्थ्यालाही ताप येतो, किंवा त्याचे पैसे संपतात.

कंत्राटी शिक्षकाला बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात ते विमानातल्या घड्याळावर. हॉब्स मीटर म्हणतात त्याला. इंजिन चालू झाले की तो तासाचे दहा भाग करून, सहा-सहा मिनिटांनी पुढे सरकतो. पुतणी आठला हजर. पहिल्या विद्यार्थ्याशी अर्धा तास फळ्यापाशी बोलली, मग विमानाची फेरी मारून तेल-पेट्रोल बघितले, मग उडाली, मीटरवर आले एक पूर्णांक दोन दशांश. उतरल्यावर काय चुकले, उद्या काय, हे सांगण्यात वीस मिनिटे. दुसरा विद्यार्थी आलाच नाही. तिसऱ्याच्या वेळी वारा आडवा वाहू लागला, पाठ रद्द. चौथा झाला. संध्याकाळी सहाला घरी निघाली, तेव्हा दहा तास विमानतळावर काढून मजुरी अडीच तासांची. चांगल्या शाळा जमिनीवरच्या शिकवणीचेही पैसे देतात, काही तर रद्द झालेल्या पाठाचेही थोडे देतात. पण ते विचारून, कागदावर आणून घ्यावे लागते.

हा झाला पैशाचा तोटा. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. ‘आज उडायचे नाही’ असे म्हणणे हे इन्स्ट्रक्टरचे पहिले काम. विद्यार्थ्याला हवेची पारख नसते, ती शिक्षकाने करायची. पण जिची चूल आजच्या उड्डाणावर पेटते, तिला ढगांकडे बघून ‘नाही’ म्हणणे जड जाते. पोरगी प्रामाणिक असली तरी जड जाते. महिन्याचे भाडे द्यायचे आहे, कर्जाचा हप्ता आहे, आणि ढग तसे फार काही खाली नाहीत... आपल्याकडे कुणी फवारणीच्या गड्याला पंपामागे पैसे ठरवले आणि वारा सुटला, तर तो थांबेल का हो? तोंडावर फडके बांधून मारत राहील. पैसे देण्याची रीत माणसाच्या हाताला वळण लावते.

आणखी एक बाब आहे, तिच्याकडे नव्या मुलांचे लक्षच जात नाही. कंत्राटी शिक्षक रिकामा बसला तर शाळेचे एक पैसाही नुकसान होत नाही. मग शाळा किती शिक्षक घेईल? येतील तितके! चार विमाने आणि बारा शिक्षक असा प्रकार होतो. मालकाला सोय, कुठल्याही वेळी गिऱ्हाईक आले तरी कुणीतरी बसलेला आहेच. पण बारा जणांत चार विमानांचे तास वाटले गेले की प्रत्येकाच्या ताटात काय पडणार? ज्या मालकाने आठवड्याला अमुक इतक्या पगाराची हमी दिलेली असते, तो मात्र माणूस जपून घेतो आणि घेतलेल्याला काम पुरवायची धडपड करतो, कारण रिकामा गडी त्याला महागात पडतो.

इथे आकडेमोड करून बघा. २५० वरून १,५०० वर जायला हवेत १,२५० तास. महिन्याला ७० तास मिळाले तर अठरा महिने. महिन्याला ३० मिळाले तर बेचाळीस महिने, साडेतीन वर्षे! दरात तासामागे पाच डॉलर जास्त मिळाले म्हणून खूश झालेली पोरगी दोन वर्षे मागे पडली तर तो सौदा कसला? विमान कंपन्यांची भरतीही पावसासारखी असते. २०२२ साली कंपन्यांना माणसे मिळेनात. २०२४ मध्ये भरती मंदावली. दोन वर्षांच्या अंतराने कुणाचे नशीब उघडते, कुणाचे नाही.

(उलट टोकही आहे. कायद्याने इन्स्ट्रक्टरने कुठल्याही सलग चोवीस तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण शिकवायचे नाही. एवढे काम देणारी शाळा भेटली तर तिथे थकवा किती येतो तेही विचारावे.)

डॉलर तासाचे आणि डॉलर हातातले

आता वहिनींनो, हिशेबाची वही काढा. हे दर मी समजुतीसाठी घेतले आहेत, गावोगावी ते निरनिराळे असतात.

एक शाळा म्हणते, कंत्राटावर तासाला ३६ डॉलर. दुसरी म्हणते, नोकरीवर ठेवू, ३१ डॉलर. आठवड्याला वीस तासांची मजुरी, वर्षात अठ्ठेचाळीस आठवडे, म्हणजे ९६० तास. पहिलीकडे ३४,५६० डॉलर, दुसरीकडे २९,७६०. फरक ४,८०० चा. कुणीही म्हणेल, पहिली घे.

थांबा. अमेरिकेत म्हातारपणाचे पेन्शन आणि म्हातारपणचा दवाखाना यांच्यासाठी प्रत्येकाच्या कमाईतून कापले जाते. नोकरदाराकडून ७.६५ टक्के, आणि तितकेच मालक आपल्या खिशातून घालतो. कंत्राटदाराला मालकच नाही, म्हणून दोन्ही वाटे त्याचे: १५.३ टक्के. (तो निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर धरतात, एवढीच सवलत.) म्हणजे पहिलीकडे सुमारे ४,८८० डॉलर गेले, उरले २९,६८०. दुसरीकडे सुमारे २,२८० गेले, उरले २७,४८०. चार हजार आठशेचा फरक बावीसशेवर आला. प्राप्तिकर दोघींनाही वेगळा. त्यात कंत्राटवालीला या कराच्या अर्ध्याची वजावट मिळते, आणि हेडफोन, नकाशे असला धंद्याचा खर्चही ती वजा करू शकते. ती बाजू सोडून बोलणे बरोबर नाही.

पण त्या बावीसशेतून काय काय भागवायचे? विमानातून उतरताना पाय घसरून मोडला, तर नोकरदाराच्या दवाखान्याचा आणि बुडालेल्या मजुरीच्या मोठ्या वाट्याचा भार मालकाने काढलेल्या अपघात-विम्यावर पडतो. कंत्राटवालीचा पाय तिचा तिच्यापाशी. शाळा बंद पडली तर नोकरदाराला काही काळ बेकारी भत्ता मागता येतो, हिला साधारणपणे नाही. आजारपणाची रजा नाही. दर ३६ ऐवजी ३३ असता, तर वर वर दोन डॉलर जास्त दिसूनही हातात नोकरीवालीपेक्षा कमीच राहिले असते. पाहिजे तर करून बघा.

आणखी एक खाचखळगा. नोकरदाराचा कर मालक पगारातूनच कापून भरतो. कंत्राटदाराला पूर्ण रक्कम हातात मिळते आणि कर आपला आपण वर्षातून चारदा भरायचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढल्या वर्षी १५ जानेवारी. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीच्या हातात पूर्ण रक्कम आली की ती सगळी आपलीच वाटते. मग एप्रिल उगवतो, वर दंड. ऊस गेला, बिल आले, आणि सोसायटीचे कर्ज फेडायच्या आधी मोटारसायकल घेतली, अशी घरे तुम्ही पाहिली आहेतच. म्हणून कंत्राट घेतलेच तर प्रत्येक चेकमधला पाव ते तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि ते खाते आपले नाही असे समजायचे.

सही आणि विमा

हा भाग छोटा आहे पण तो वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा विमान घेऊन उडतो, त्याआधी इन्स्ट्रक्टर त्याच्या वहीत सही करून देतो की हा एकटा उडायला लायक आहे. पुढे त्याने विमान धावपट्टीबाहेर घातले, तर पहिला प्रश्न येतो, सही कुणाची? शाळेचा विमा असतोच; पण तो शाळेचा असतो. त्यात शिक्षकाचे नाव धरलेले आहे की नाही हे पाहावे लागते. काही वेळा विमा कंपनी मोडलेल्या विमानाचे पैसे शाळेला देते आणि मग तेच पैसे वसूल करायला इन्स्ट्रक्टरच्या मागे लागते. शाळेच्या नोकराच्या मागे असे लागणे अवघड. बाहेरचा कंत्राटदार सापडला तर सोपे. तेव्हा शाळेच्या विम्यात आपले नाव घालून घ्यायचे आणि ‘शिक्षकाकडून वसुली करणार नाही’ असे विमा कंपनीचे लेखी घ्यायचे. ते मिळत नसेल तर दुसऱ्याच्या विमानात शिकवणाऱ्यांसाठी वेगळा विमा मिळतो, तो स्वतः काढायचा, आणि त्याची किंमत दरात धरून मागायची. मालक म्हणेल, ‘काळजी नको, आमच्या विम्यात सगळे येते.’ येत असेल. मग कागद दाखवायला हरकत काय?

मग हो म्हणायचे की नाही

माझे मत स्पष्ट आहे. मालकाला हुकूम करायचा असेल तर त्याने पगारावर ठेवावे. नातीने पहिल्यांदा नम्रपणे तेच विचारावे: ‘मला डब्ल्यू-टूवर घ्याल का? दर थोडा कमी चालेल.’ विचारल्याने कुणी परवाना काढून घेत नाही. कित्येक शाळा शिक्षकांना पगारावरच ठेवतात, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही.

मालक नाहीच म्हणाला, तर त्याला म्हणावे, मग कंत्राट खरे कंत्राट असू द्या. दुसरीकडे न शिकवण्याची ओळ खोडा. माझे दिवस मी सांगेन. जमिनीवरच्या शिकवणीचे पैसे धरा. दर पगारवालीपेक्षा निदान पाव हिस्सा जास्त द्या. यातले निम्मे जरी पदरात पडले तरी काम घेण्याजोगे झाले.

यातलेही काही नाही, आणि त्या जिल्ह्यात दुसरी शाळाही नाही, कर्जाचा हप्ता तर पुढल्या महिन्यापासून सुरू? अशा वेळी ‘तत्त्वासाठी घरी बस’ असे आबांनी सांगू नये. तास हाच तिचा माल आहे आणि माल गोळा करणे थांबवता येत नाही. घ्यावे, पण सहा महिन्यांच्या बोलीवर, विम्याचा कागद हातात आल्यावरच. घरच्यांनी तेवढे दिवस भाड्याला थोडा हातभार लावावा. तो हातभार म्हणजे लाड नव्हेत. ढग आले असता तिला ‘नाही’ म्हणता यावे म्हणून दिलेले ते पैसे. इकडे ती दुसऱ्या शाळांना अर्ज पाठवत राहीलच. पुढेमागे तिला वाटले की आपल्याला फसवून कंत्राटदार ठरवले, तर कर खात्याकडे ‘एसएस-८’ नावाचा अर्ज करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत, मात्र निकालाला सहा महिने किंवा जास्तही लागतात. म्हणून रोज किती वाजता बोलावले, कोणी काय सांगितले, याची नोंद तिने पहिल्या दिवसापासून ठेवावी. वैमानिकाला वही लिहायची सवय असतेच.

एक गोष्ट वेगळ्या मुलांसाठी. तुमचा मुलगा इथून शिकायला गेला असेल आणि विमान-शाळेच्या ‘एम-वन’ व्हिसावर असेल, तर वरचे सगळे त्याला लागू नाही. त्याला शिकत असताना कामच करता येत नाही. शिक्षण संपल्यावर सरकारी परवानगी घेऊन चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा महिने सरावाचे काम करता येते. ‘कंत्राटदार म्हणून ये, नोकरी थोडीच आहे’ असे कुणी सुचवले तर तिथे अजिबात जायचे नाही. व्हिसा गेला तर तासही गेले आणि लाख डॉलरही.

आता नातीने मुलाखतीला जाताना काय करावे? मालकाच्या खोलीत बसण्याआधी बाहेरच्या बाकावर जे इन्स्ट्रक्टर चहा-कॉफी पीत बसलेले असतात, त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोलावे. बाकावर किती जण बसले आहेत ते आधी मोजावे. दुपारी दोन वाजता आभाळ निरभ्र असून सहा जण बसलेले असतील तर अर्धे उत्तर मिळाले. मग त्यांतल्या एकाला विचारावे, ‘गेल्या जानेवारीत तुझे किती तास झाले?’ जूनचे विचारू नये, जूनमध्ये सगळ्यांचेच होतात. त्याने लॉगबुक उघडून दाखवले तर आकडा लिहून घ्यावा, आणि त्या रात्री आबांना फोनवर तोच आकडा आधी सांगावा, दर मागाहून.